अकीला अँड द बी

अकीला अँड द बी (२००६). अमेरिकी कौटुंबिक चित्रपट. लेखन व दिग्दर्शन डग अ‍ॅचिसन. प्रमुख भूमिका : किकी पामर (अकीला अँडरसन), लॉरेन्स फिशबर्न (डॉ. जोशुआ लॅराबी), अँजेला बॅसेट (अकीलाची आई टान्या). दक्षिण लॉस एंजेलिसमधल्या क्रेन्शॉ भागातली अकरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी शाळेतल्या चाचणीपासून वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धेपर्यंत कशी जाते, ही या चित्रपटाची कथा. त्याची ओळख सहसा ‘जिद्दीने परिस्थितीवर मात’ अशा शब्दांत करून दिली जाते, पण पटकथेला ती पुरती लागू पडत नाही. अकीलाची हुशारी सुरुवातीपासूनच दिसते आणि जिद्द मात्र बराच काळ दिसतच नाही. वर्गात हुशार म्हणून चिडवतील या धास्तीने ती स्पर्धेत उतरायलाच तयार नसते. पुढच्या दीड तासात तिच्यात भर पडते ती माणसांची, मोकळ्या वेळेची, पुस्तकांची आणि कुणीतरी समोर बसून शब्द विचारण्याची. सर्वांना तोच शब्दकोश आणि चुकल्यावर वाजणारी तीच घंटा असली म्हणजे स्पर्धा समान होते, या समजुतीला चित्रपट हळूहळू सुरुंग लावतो. त्याचे खरे महत्त्व इथे आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा दोषही या विचाराशी त्याने एके ठिकाणी केलेल्या बेइमानीतून आला आहे.

स्पेलिंगची राष्ट्रीय स्पर्धा व्हावी आणि ती दूरचित्रवाणीवर पाहिली जावी, हे मराठी वाचकाला थोडे अजब वाटेल. आपल्याकडे घोळ होतो तो ऱ्हस्व-दीर्घाचा. शब्द ऐकला की तो साधारण कसा लिहायचा ते कळते. इंग्रजीने लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, जर्मन अशा भाषांतून शब्द उचलले आणि बरेचदा त्यांचे मूळ लेखनही तसेच ठेवले. त्यामुळे शब्द कोणत्या घरचा हे ठाऊक असल्याशिवाय अक्षरे सांगता येत नाहीत. म्हणूनच स्पर्धकाला शब्दाचा अर्थ, व्युत्पत्ती आणि वाक्यातला उपयोग विचारण्याची मुभा असते. राष्ट्रीय स्पर्धा १९२५ साली नऊ मुलांनिशी सुरू झाली. पहिला विजेता फ्रँक न्यूहाउसर ‘ग्लॅडिओलस’ या शब्दावर जिंकला. १९४१ पासून ती स्क्रिप्स या माध्यमसमूहाकडे आहे. नियम सर्वांना एकच, पण नियमांपर्यंत पोहोचण्याची वाट एकच नव्हती. १९३६ साली ओहायोतील अ‍ॅक्रन शहराची मॅकनोलिया कॉक्स ही कृष्णवर्णीय मुलगी राष्ट्रीय फेरीला निघाली तेव्हा वाटेत तिला कृष्णवर्णीयांसाठीच्या वेगळ्या डब्यात जावे लागले, आणि इतर स्पर्धकांच्या हॉटेलात तिला जागा मिळाली नाही. ती बाद झाली ‘नेमेसिस’ या शब्दावर. हे ग्रीक देवतेचे विशेषनाम आहे, अधिकृत यादीत ते नाही, अशी हरकत तेव्हा घेतली गेली होती. ती टिकली नाही.

चित्रपट हा इतिहास सांगत बसत नाही, पण त्याच्या गोष्टीत तो झिरपलेला आहे. मुख्याध्यापक अकीलाला शाळेसाठी उतरायला सांगतात तेव्हा ती विचारते, जी शाळा संडासांना दारे बसवू शकत नाही तिचे नाव मी कशाला काढू? जिल्हा फेरीत ती चुकते आणि बाद होते. दुसऱ्या एका स्पर्धकाची लबाडी उघडकीस येते म्हणून तिला पुढची वाट मिळते. नायिकेने हरल्यावर योगायोगाने पुढे सरकावे, असे प्रेरणादायी चित्रपटात सहसा कुणी लिहीत नाही. अ‍ॅचिसनने ते लिहिले, कारण गुणवत्ता आणि निवड यांच्यामध्ये किती फटी असतात हे त्याला दाखवायचे आहे. सरावासाठी तिला बसने शहराच्या दुसऱ्या टोकाला, वुडलंड हिल्सच्या सधन शाळेत जावे लागते. तिथे स्पेलिंगचा आख्खा क्लबच आहे. विधवा, नोकरीत पिचलेली आई सही देत नाही म्हणून अकीला संमतिपत्रावर मृत वडिलांची सही ठोकून देते. वडिलांचा गोळी लागून मृत्यू झाला तेव्हा ती सहा वर्षांची होती. अर्जावर पालकाची एक सही, ही एरवी कुणाच्या ध्यानातही न येणारी अट. या घरात तीच सर्वांत अवघड पायरी ठरते.

चित्रपटातील सर्वांत नेमके निरीक्षण मात्र एका साध्या सवयीबद्दल आहे. अक्षरे उच्चारताना अकीलाची बोटे मांडीवर ताल धरतात. तिला शिकवणाऱ्या लॅराबीच्या ते लक्षात येते, आणि तो तिला दोरीवरच्या उड्या मारत शब्द म्हणायला लावतो. दोरी जमिनीवर आपटते, अक्षर सुटते. पुन्हा आपटते, पुढचे सुटते. लांबलचक शब्द अशा ठोक्यांवर तुकड्यातुकड्याने बसतो. अंतिम फेरीत हाती दोरी नसतानाही ती मंचावर तशीच उड्या मारते. खऱ्या स्पर्धेत मुले तळहातावर किंवा गळ्यातल्या क्रमांकाच्या फलकामागे बोटाने अदृश्य अक्षरे गिरवतात, त्यामुळे हे दृश्य वाटते तितके नाटकी नाही. अमेरिकी शहरांतल्या कृष्णवर्णीय मुलींचा फुटपाथवरचा खेळ इथे अभ्यासाचे साधन होतो. वस्तीत जे होतेच, त्याकडे पाहणारा डोळा तेवढा बाहेरून आला. पुढे लॅराबी आपल्या दिवंगत मुलीच्या आठवणीने खचतो, पाच हजार शब्दांची कार्डे अकीलाच्या हवाली करतो आणि शिकवणी थांबवतो. तेव्हा ती कार्डे आई, भाऊ, मैत्रिणी, शेजारी, इतकेच काय, वस्तीतला टोळीवाला डेरिक-टीसुद्धा हातात धरतो.

यावर पहिला आक्षेप असा की हा सगळा ठरीव साचा आहे : कडक गुरू, बंडखोर शिष्या, मध्यंतरी दुरावा, शेवटी अंतिम सामना. आक्षेप खरा आहे. पण साच्याच्या चित्रपटात गुरू शेवटपर्यंत गाडी ओढतो. इथे त्याला ऐन मोक्याला बाजूला काढून त्याची जागा मोहल्ल्याला दिली आहे. दुसरा आक्षेप घोकंपट्टीचा. हजारो दुर्मीळ शब्द पाठ करण्यात शिक्षण ते कसले? पटकथेला हा प्रश्न ठाऊक आहे : लॅराबी यादी दूर सारून आधी निबंध आणि भाषणे वाचायला लावतो, मोठे शब्द छोट्या शब्दांपासून बनतात हे शिकवतो. तरीही हे उत्तर अर्धेच आहे, कारण शेवटी पाच हजार कार्डे येतातच. स्पर्धा जशी आहे तशी जिंकायची तर पाठांतराला पर्याय नाही, आणि चित्रपट ते लपवत नाही. तिसरा आक्षेप लॅराबीच्या दारातल्या अटीवर आहे. त्याच्या घरात वस्तीची बोली चालत नाही, शुद्ध इंग्रजीच बोलायचे. शाळेने पोराची बोली ‘अशुद्ध’ ठरवणे आपल्यालाही परके नाही. ही अट चित्रपट फारशी तपासत नाही. तिचा काच शिल्लक राहतो.

सर्वांत जड आक्षेप डिलन च्यू या प्रतिस्पर्ध्याच्या चित्रणावर आहे. या चिनी-अमेरिकी मुलाचा बाप हेकेखोर. एका काळ्या पोरीकडून हरता हरता वाचलास, म्हणून तो पोराला फैलावर घेतो. आशियाई पालक म्हणजे मुलांना चरकात घालणारे यंत्र, ही ठोकळेबाज प्रतिमा त्यातून पक्की होते. बचाव असा केला जातो की एखादा बाप असा असू शकतो. असू शकतो; पण अकीलाच्या यशामागे वस्ती दाखवणारा चित्रपट डिलनच्या यशामागे केवळ एक रागीट माणूस दाखवतो, हा त्याच्याच युक्तिवादाचा भंग आहे. पुरावा भारतीय-अमेरिकी कुटुंबांचा घ्यावा. बालू नटराजन १९८५ साली जिंकला, नुपूर लाला १९९९ साली; २००८ ते २०१९ या काळात दरवर्षी विजेता किंवा सहविजेता भारतीय वंशाचा होता. यामागे रक्तात काही नाही. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या नॉर्थ साउथ फाउंडेशनसारख्या संस्थांनी गावोगावी भरवलेल्या सराव-स्पर्धा आहेत, शनिवार-रविवार त्यात घालवणारे पालक आहेत, आधीच्या विजेत्यांकडून उतरत आलेली शब्दांची टिपणे आहेत. क्रेन्शॉतल्या शेजाऱ्यांनी महिनाभर हाती धरलेली कार्डे इथे वर्षानुवर्षे धरली गेली. १९९९ च्याच स्पर्धेवरचा ‘स्पेलबाउंड’ (२००२) हा माहितीपट या बाबतीत अधिक न्यायी आहे. गंमत म्हणजे डिलनच्या वाट्याला आलेला अखेरचा शब्द ‘लॉगरिया’, म्हणजे नुपूरचा विजयी शब्दच.

शेवट अनेकांना गोडगोड वाटला. बापाच्या धाकाखाली असलेल्या डिलनला जिंकू द्यावे म्हणून अकीला ‘झँथोसिस’ मुद्दाम चुकवते. ते ओळखून डिलनही चुकवतो. मग दोघे अखेरच्या यादीतले शब्द संपवतात आणि सहविजेते ठरतात. अकीलाचा शेवटचा शब्द ‘पल्क्रिट्यूड’, शाळेत लॅराबीने विचारल्यावर तिला न आलेला. सहविजेतेपदाची तरतूद नियमांत होती, पण १९६२ नंतर ते घडले नव्हते, त्यामुळे टीकाकारांना ही सोय वाटली. पुढे २०१४, २०१५, २०१६ अशी सलग तीन वर्षे दोघे-दोघे विजेते निघाले आणि २०१९ मध्ये एकदम आठ. पडद्यावर मैत्रीने घडलेली गोष्ट प्रत्यक्षात तयारीच्या रेट्याने घडली : यादीच मुलांना पुरेनाशी झाली.

पटकथेला २००० साली ऑस्कर अकादमीची निकोल फेलोशिप मिळाली होती, तरी चित्रपट उभा राहायला सहा वर्षे गेली. २८ एप्रिल २००६ रोजी तो प्रदर्शित झाला. स्टारबक्सने आपल्या कॉफीच्या कपांवर अवघड शब्द छापून त्याची जाहिरात केली. त्या कंपनीने असा हात दिलेला हा पहिलाच चित्रपट. तिकीटबारीवर त्याने सुमारे १.९ कोटी डॉलर मिळवले, म्हणजे अपेक्षेपेक्षा बेताचेच. त्यानंतर सुमारे महिनाभराने खऱ्या स्पर्धेची अंतिम फेरी पहिल्यांदा एबीसी वाहिनीवर संध्याकाळच्या मुख्य वेळेत दाखवली गेली. जमैकाची जोडी-अ‍ॅन मॅक्सवेल १९९८ मध्येच जिंकली होती, पण अमेरिकेची कृष्णवर्णीय विजेती व्हायला २०२१ उजाडले. लुइझियानाची झाइला अवाँ-गार्द तेव्हा ‘मुराया’ या शब्दावर जिंकली. तिच्यासाठी घरच्यांनी एका माजी उपविजेत्याची शिकवणी लावली होती. लॅराबी आता फी घेतो. त्याच वर्षापासून बरोबरी फोडायला दीड मिनिटाची झटपट फेरी नियमात आली, त्यामुळे अकीला आणि डिलनने वाटून घेतलेला करंडक आजच्या नियमांत वाटून घेणे जवळजवळ अशक्य झाले आहे.