बदलीच्या गावचा संसार

मराठी स्त्रीच्या दांपत्यजीवनाचा इतिहास शोधू पाहणाऱ्यास पहिली अडचण येते ती शब्दांची. एकोणिसाव्या शतकातील पांढरपेशा घरांत पत्नी पतीचे नाव उच्चारीत नसे. ‘इकडून येणे झाले’, ‘तिकडे विचारावे’ अशी भाषा असे. म्हणजे पती ही व्यक्ती न राहता एक दिशाच होऊन बसे. नाव घ्यावयाचे ते उखाण्यात, चारचौघांच्या साक्षीने. दिवसाउजेडी वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोने बोलत उभे राहणे अमर्यादपणाचे मानले जाई.

यावरून त्या स्त्रियांना पतीविषयी ओढ नव्हती, किंवा त्यांच्यात कलह नव्हता, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. ओढ आणि कलह कोठे नाहीत? परंतु त्यांनी कोणत्या वाटेने प्रकट व्हावे हे संस्कृती ठरविते. रुसवा, अबोला, उपास, फार तर माहेरी निघून जाणे, एवढेच भांडणाचे मान्य प्रकार होते. त्यातही भांडण पतीशी क्वचितच होई. पतीने काही नवे आरंभिले तर त्याचा रोष घरातील बायका सुनेवर काढीत आणि सून तो गिळून टाकी.

या व्यवस्थेस एक खिंडार पडले ते सरकारी नोकरीतील बदलीने. आम्हां परप्रांतस्थ नोकरदारांस हा विषय जवळचा वाटावा म्हणून तीन संसारांकडे थोडे निरखून पाहू.

रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी झाला. माधवराव तेव्हा तिशी ओलांडलेले. विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्याने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून कुमारिकेशी लग्न केले आणि लगेच तिला शिकविण्यास प्रारंभ केला. पुण्याच्या भरल्या घरात वडीलधाऱ्या स्त्रियांनी या शिक्षणाबद्दल रमाबाईंना टोमण्यांनी जेरीस आणले. तथापि त्यांनी पतीपाशी तक्रार नेली नाही. १८७८ मध्ये माधवरावांची बदली नाशिकास झाली, पुढच्याच वर्षी धुळ्यास. सरकारच्या मनात त्यांच्याविषयी संशय होता. परंतु सरकारने ज्यास शिक्षा मानले त्यातूनच रमाबाईंना मोकळा श्वास मिळाला. नाशिकच्या हायस्कुलात त्या प्रथमच सार्वजनिक समारंभात उभ्या राहिल्या; भाषण माधवरावांनी लिहून दिले होते. पुढे १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत मात्र त्या पतीचा उल्लेख ‘स्वतः’ या शब्दाने करतात. १९३८ साली निघालेल्या इंग्रजी भाषांतराचे नावही त्या शब्दाचाच प्रतिशब्द आहे. घर बदलले, शिक्षण आले, सभेत बोलणे आले. पण जिभेवरचा संकोच उतरला नाही. आणि तरीही त्या पुस्तकातील माया इतकी उघड आहे की नावाची उणीव कोणास भासत नाही.

बदली नेहमी सुखाचीच असते असे मात्र नव्हे. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, बंगालमधील श्रीरामपूर असा त्यांचा संसार फिरला. विवाह १८७४ सालचा. वधूचे वय नऊ. गोपाळरावांना पत्नीस विदुषी करावयाचे होते, आणि त्यापायी त्यांचा हातही उठे. भरल्या घरात सासुरवास असतो, परंतु मध्ये पडणारे एखादे वडील माणूसही असते. परगावी ते नसते. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. तेथून पतीस लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी बालपणीच्या त्या माराची, अंगावर फेकलेल्या वस्तूंची, टाकून जाण्याच्या धमक्यांची वयोवर्षांनिशी आठवण करून दिली. आणि हिंदू पत्नीस बोलण्याचा अधिकार नसतो, असेही लिहिले. बोलण्याचा अधिकार नाही हे सांगण्यासाठीच त्या बोलत आहेत! समोरासमोर जे अशक्य होते ते सातासमुद्रांपलीकडून, लेखणीने साधले. तरीही त्यांनी नाते तोडले नाही. १८८६ साली वैद्यकीय पदवी घेऊन त्या स्वदेशी परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविसावे वर्षही पुरे होण्याआधी, निवर्तल्या.

तिसरा संसार सरकारी बदलीचा नव्हे, पण भटकंतीचा खरा. लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक एका गावी, एका नोकरीत फारसे टिकले नाहीत. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही काळाच्या ताटातुटीनंतर त्या त्यांच्याकडे राहावयास गेल्या, तेव्हाही आरंभी आपले सोवळे त्यांनी वेगळे सांभाळले. नवरा हवा, पण त्याचा धर्म नको, ही भूमिका कोणत्याही उखाण्यात बसणारी नव्हती. १९०० साली त्यांनी स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्या पतीला सरळ ‘टिळक’ म्हणतात. त्यांचा संताप, विक्षिप्तपणा, स्वतःचे रडणे आणि भांडणे हसत हसत सांगतात. ज्याच्याशी उघड भांडता आले, त्याचे नावही उघड घेता आले, असे आम्हांस वाटते.

या तिघींच्या चरित्रांवरून एवढे म्हणता येईल की एकांताने प्रेम आपोआप वाढत नाही. नाशिकास त्याने रमाबाईंना बळ दिले. आनंदीबाईंपासून आधार हिरावून घेतला. फरक पडला तो त्या एकांतात स्त्रीला किती बोलता आले यामुळे.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचे संसार असेच दूरच्या गावी, दोन खोल्यांच्या सरकारी घरांत मांडलेले आहेत. बदलीचा हुकूम आला की आपण भत्ता, मुलांची शाळा आणि सामानाची वाहतूक यांचा हिशोब करतो. प्रवासभत्त्याच्या बिलात पत्नी असते ती ‘कुटुंब’ या रकान्यात. जुने मराठी गृहस्थही पत्नीस ‘आमचे कुटुंब’ म्हणत. नाव तेही घेत नसत. परगावी गेल्यावर तिला नव्या बाजाराची भाषा शिकावी लागते, शेजार नव्याने जोडावा लागतो, आणि सुखदुःख बोलण्यास अनेकदा एकच माणूस उरते. ते माणूस कार्यालयातून थकून आलेले असले तरी त्याने ऐकावे, एवढी अपेक्षा इतिहासाच्या आधारे करण्यास हरकत नसावी.