गणवेशातील बातमी

वृत्तनिवेदनाला कोणी वाङ्मयप्रकार मानत नाही. तथापि निवेदकाचे अदृश्य असणे हा त्याचा पायाभूत संकेत असल्याने निवेदनमीमांसेने त्याची दखल घ्यायला हरकत नसावी. हा संकेत खुद्द राज्यकर्त्यांनीच मोडल्याचे उदाहरण पोलंडमध्ये सापडते. १३ डिसेंबर १९८१ या रविवारी दूरचित्रवाणीवर मुलांचा नेहमीचा कार्यक्रम लागलाच नाही. लष्करी कायदा पुकारणारे जनरल यारुझेल्स्की यांचे भाषण पुनःपुन्हा दाखवले गेले. पाठोपाठ बातम्या सांगणारे निवेदक लष्करी गणवेशात दिसू लागले.

तोवर पोलिश सेन्सॉरशिपची सारी मदार ती न दिसण्यावर होती. क्राकूव्हच्या सेन्सॉर कार्यालयातील तोमाश स्त्शिझेव्स्की यांनी १९७७ साली गुप्त सूचनांची कागदपत्रे स्वीडनला नेली आणि ती लंडनहून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांतील एक सूचना कातिनविषयी आहे. सोविएत यंत्रणेने १९४० साली हजारो पोलिश अधिकाऱ्यांना ठार मारले, त्यांतील अनेकांना कातिनच्या जंगलात. मृताच्या चरित्रात 'कातिन येथे मृत्यू' असे लिहिण्यास मुभा होती. अट एवढीच, की मृत्यूची तारीख जुलै १९४१ नंतरची हवी. जर्मन सैन्य त्या भागात पोहोचले ते १९४१ मध्येच. म्हणजे एका सनाच्या फरकाने मारेकरी बदलत होता. कर्त्याचा उच्चारही न करता वाक्याचा कर्ता बदलण्याची ही किमया कोणत्याही वैयाकरणाला थक्क करील! मॉस्कोने स्वतःची जबाबदारी मान्य केली ती १९९० मध्ये.

'सॉलिडॅरिटी'च्या दबावामुळे जुलै १९८१ मध्ये झालेल्या कायद्याने मात्र गाळलेली जागा चौकोनी कंसातील रेघांनी दाखवण्याची सोय केली. सोबत कलमाचा निर्देश असे. रिकामी जागा अशा रीतीने संहितेचाच भाग झाली आणि तिचे अर्थनिर्णयन करण्याची सवय वाचकांना जडली. पडद्यावर असे कंस घालता येत नाहीत. ते काम गणवेशाने केले. अधिकाराचा ठसा उमटावा, हा त्यामागील हेतू उघड होता. पण 'मी कोणाच्या हुकमाने बोलतो आहे' हे प्रत्येक वाक्याआधीच सांगणारा निवेदक तटस्थतेचा आभास कसा टिकवणार? आशय खरा की खोटा, हा प्रश्नच त्यामुळे गौण ठरला.

प्रेक्षकांचा प्रतिसादही म्हणूनच खंडनाच्या रूपात आला नाही. अनेक नटनट्यांनी दूरचित्रवाणीवर बहिष्कार घातला. लुब्लिनजवळच्या श्फिदनिक या हेलिकॉप्टर कारखान्याच्या गावात फेब्रुवारी १९८२ मध्ये लोक रोज सायंकाळी साडेसातला, नेमक्या मुख्य बातमीपत्राच्या वेळी, सहकुटुंब फिरायला बाहेर पडू लागले. काहींनी दूरचित्रवाणी संच खिडकीत ठेवले, पडदा रस्त्याकडे करून. घोषणा नाही, फलक नाही; बातम्या न पाहणे हा गुन्हा ठरवणारे कलमही नव्हते. अखेर प्रशासनाने तेथील संचारबंदीची वेळ अलीकडे ओढली. तेव्हा लोक पाचच्या बातम्यांना फिरायला निघू लागले.