बंदूक घडवावी की विकत घ्यावी? : महादजी शिंदे यांच्या आग्रा येथील शस्त्रकारखान्याचा आर्थिक विचार

प्रस्तावना

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील प्रत्येक प्रबळ सत्तेसमोर एक व्यावहारिक प्रश्न उभा होता. कवायती पायदळाला लागणारी चकमकीची बंदूक युरोपीय व्यापाऱ्यांकडून तयार विकत घ्यावी, की आपल्या कारखान्यात घडवावी? मराठ्यांच्या लष्करी इतिहासात गनिमी काव्याचा त्याग व कवायती कंपूंची उपयुक्तता या विषयांवर विपुल चर्चा झाली आहे. शस्त्राच्या खर्चाची बाजू मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिली. प्रस्तुत लेखात महादजी शिंदे यांच्या आग्रा येथील कारखान्याच्या आधारे या बाजूचा विचार केला आहे.

तयार शस्त्राची खरी किंमत

तयार शस्त्राचा सर्वांत मोठा लाभ म्हणजे वेळ वाचतो. पैसा मोजला की बंदूक हाती येते; भट्टी, कारागीर, कच्चा माल यांची चिंता विकणाऱ्याने वाहायची असते. परंतु विकणारा हा केवळ व्यापारी नसून स्वतः राजकीय सत्ता असेल, तर किमतीत एक अदृश्य रक्कम मिसळलेली असते. ती म्हणजे त्याच्या मर्जीची. मराठ्यांना याचा अनुभव फार पूर्वी आला होता. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनी सिद्दी जौहरला साहाय्य केले आणि स्वतः हजर राहून किल्ल्यावर मारा केला. पुढील वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार लुटून तेथील इंग्रजांना कैद केले. शस्त्र विकणारा तटस्थ राहीलच असे नाही, हा या प्रसंगाचा धडा होता.

दुसरी अडचण पुरवठ्याच्या सातत्याची. १७९३ मध्ये इंग्लंड व फ्रान्स यांच्यात युद्ध सुरू झाले, तेव्हा खुद्द ब्रिटिश सरकारला बंदुकांची टंचाई भासली. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या फौजांसाठी करवून घेतलेल्या बंदुका सरकारने स्वतःच्या सैन्याकरिता विकत घेतल्या. ३९ इंच नळीची ही सोप्या बांधणीची बंदूक पुढे 'इंडिया पॅटर्न' या नावाने ब्रिटिश पायदळाची मुख्य बंदूक ठरली. विक्रेत्यालाच माल अपुरा पडत असेल, तेव्हा परक्या गिऱ्हाइकाचा क्रमांक शेवटी लागणार हे उघड आहे.

आग्र्याचा कारखाना

१७८४ मध्ये बेन्वा द बॉयन हा सॅव्हॉयचा सेनानी महादजींच्या चाकरीत आला. लालसोट, पाटण, मेडता येथील लढायांच्या अनुभवातून कवायती पलटणींचे महत्त्व पटत गेले आणि १७९० नंतर त्यांचे कंपू उभे राहिले. हजारो शिपायांच्या हाती एकाच मापाची बंदूक देणे आता अपरिहार्य झाले. ही जबाबदारी सँगस्टर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाकडे आली. तो पूर्वी गोहदच्या राण्याच्या पदरी होता. आग्र्यात त्याच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात आणि बंदुका तयार होत. हर्बर्ट कॉम्प्टन याने १८९२ च्या आपल्या ग्रंथात नोंदविल्यानुसार, युरोपीय नमुन्याच्या तोडीची बंदूक येथे १० रुपयांत तयार होत असे.

हा आकडा आकर्षक आहे. परंतु दर नगाची किंमत ही कारखान्याची पूर्ण किंमत नव्हे. लोखंडाची पट्टी तापवून, वळवून, सांधून नळी करणे हे येथील लोहारांना अपरिचित नव्हते. तोड्याच्या बंदुका ते पिढ्यान्‌पिढ्या घडवीत आले होते. लाकडी कुंदा घडविणारे सुतारही उपलब्ध होते. खरी कसोटी चापाची होती. चकमकीच्या चापातील कमानी योग्य पाणी दिलेल्या पोलादाच्या असाव्या लागतात; पाणी कमी बसले तर कमान वाकते, जास्त बसले तर तुटते. म्हणून फुकट गेलेल्या नळ्या व कमानी, दारू भरून घ्यावयाची परीक्षा, देखरेख करणाऱ्याचे वेतन, दुरुस्तीची व्यवस्था हा सर्व भार त्या १० रुपयांच्या मागे उभा असतो. ऑर्डर मोठी व अखंड असेल तरच तो पेलतो. द बॉयनला फौजेच्या खर्चासाठी दुआबातील परगणे जायदाद म्हणून लावून दिलेले होते. या निश्चित उत्पन्नामुळेच कारखाना चालू शकला.

शिकण्याचा खर्च : एक तुलना

याच काळात अमेरिकेनेही असाच निर्णय घेतला. १७९८ मध्ये एली व्हिटनी याच्याशी १०,००० बंदुकांचा करार झाला. दर नगास १३.४० डॉलर आणि मुदत सुमारे दोन वर्षे. प्रत्यक्षात शेवटची बंदूक १८०९ मध्ये मिळाली. व्हिटनीच्या बंदुकांचे भाग परस्परांत बदलता येण्याजोगे होते, हा समजही पुढील संशोधनात टिकला नाही. ते यश हार्पर्स फेरी येथे जॉन हॉलने १८२० च्या दशकात मिळविले. तरीही अमेरिकी शासनाने आगाऊ रकमा दिल्या, विलंब सोसला आणि सरकारी शस्त्रशाळा चालू ठेवल्या. त्या विलंबाच्या बदल्यात देशात यंत्रे, हत्यारे आणि ती हाताळणारी माणसे तयार झाली.

१८०३ ची कसोटी

१७९४ मध्ये महादजींचे निधन झाले, १७९५ च्या अखेरीस द बॉयन निघून गेला आणि सूत्रे पेराँ याच्या हाती आली. १८०३ मध्ये युद्ध सुरू होताच इंग्रजांनी शिंद्यांच्या चाकरीतील युरोपीय अधिकाऱ्यांना आमिष दाखविले व अनेकांनी साथ सोडली. पेराँही इंग्रजांच्या आश्रयास गेला. सप्टेंबरमध्ये अलिगढच्या किल्ल्याच्या दरवाजापर्यंत इंग्रजांना वाट दाखविणारा ल्युकन हा पूर्वी शिंद्यांचाच अधिकारी होता. ऑक्टोबरमध्ये आग्रा पडले. असईच्या लढाईत हाती आलेल्या शिंद्यांच्या पितळी तोफा आर्थर वेलस्लीने उत्तम ठरविल्या होत्या. शस्त्रांच्या दर्जात उणेपणा नव्हता. कारखाना आणि सेनापतित्व यांची मालकी मात्र दरमहा पगारावर अवलंबून होती.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की महादजींचा निर्णय आर्थिकदृष्ट्या योग्य होता. स्वस्त बंदूक मिळाली आणि कंपनीच्या मर्जीपासून काही अंशी सुटका झाली. परंतु आग्र्यात बंदुकीऐवजी बंदूक घडविणारा विकत घेतला गेला. कौशल्य स्थानिक कारागिरांच्या हाती होते, पण त्याची आखणी, नमुने व निर्णय परक्याकडे राहिले. त्या कारागिरांमधून पुढचा सँगस्टर तयार करण्याची शाळा उभी राहिली नाही. घडविणे आणि विकत घेणे यांतील खरा फरक पहिल्या बंदुकीच्या किमतीत दिसत नाही. पहिला उस्ताद निघून गेल्यावर दुसरी बंदूक कोण घडवितो, यात तो दिसतो.

हा प्रश्न आजही मिटलेला नाही. भारताने २०१९ मध्ये ७२,४०० सिग सॉअर रायफली तयार विकत घेण्याचा करार केला आणि २०२१ मध्ये अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफली रशियन तंत्रज्ञान घेऊन बनविण्याचा करार केला. अशा दोन मार्गांचा हिशेब मांडताना दर नगाच्या किमतीबरोबर ज्ञानाच्या मालकीचा रकानाही भरावा लागतो, हे आग्र्याचा इतिहास सांगतो.