गाणं मागे सरकलं तेव्हा

१ ऑगस्ट १९८१ च्या मध्यरात्री, बारा वाजून एक मिनिटाने, अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाली. वाहिनीचं कार्यालय न्यूयॉर्कमध्ये होतं, पण मॅनहॅटनच्या केबलवर ती दिसतच नव्हती. म्हणून आपलीच वाहिनी बघायला कर्मचारी हडसन नदी ओलांडून न्यू जर्सीतल्या फोर्ट ली गावातल्या एका रेस्टॉरंटमध्ये जमले. पडद्यावर पहिलं गाणं आलं ते द बगल्स या ब्रिटिश जोडीचं.

धंदा साधा होता. व्हिडिओ रेकॉर्ड कंपन्या स्वतःच्या खर्चाने बनवायच्या आणि जाहिरात म्हणून फुकट द्यायच्या. वाहिनीने ते फक्त दाखवायचे. सुरुवातीच्या काळात कृष्णवर्णीय कलाकारांना तिथे जवळजवळ जागाच नव्हती, हा त्या सुवर्णकाळावरचा डाग विसरता येत नाही. १९८३ मध्ये मायकल जॅक्सनने ते दार उघडलं, आणि त्याच वर्षाअखेर आलेला ‘थ्रिलर’चा सुमारे १४ मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे एक छोटा सिनेमाच होता.

पण गाणं संपतं तीन-चार मिनिटांत. पुढचं आवडलं नाही की प्रेक्षक वाहिनी बदलतो, आणि जाहिरातदाराला हवा असतो अर्धा तास बसून राहणारा माणूस. १९८७ मध्ये ‘रिमोट कंट्रोल’ हा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम आला, तो या गरजेतूनच.

खरं वळण १९९२ चं. मेरी-एलिस ब्युनिम ही दैनंदिन मालिकांची अनुभवी निर्माती आणि माहितीपटांतून आलेला जोनाथन मरे, या दोघांना एमटीव्हीसाठी तरुणांची मालिका करायची होती. पण लेखक, नट, सेट हा सगळा खर्च वाहिनीला झेपणारा नव्हता. मग त्यांनी लेखक आणि नट दोन्ही वगळले. सोहोमधल्या ब्रॉडवेवरच्या एका प्रशस्त लॉफ्टमध्ये सात अनोळखी तरुण-तरुणींना राहायला बोलावलं आणि कॅमेरे सुरू केले. ‘द रिअल वर्ल्ड’ जन्माला आलं. त्यात गाणी होतीच, पण भांडणाच्या, रडण्याच्या, अबोल्याच्या मागे वाजणारी. जे गाणं पडद्यावर राज्य करत होतं, ते पार्श्वसंगीत झालं.

या प्रकाराला सरसकट हिणवणं मात्र अन्यायाचं आहे. १९९४ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या पर्वात पेड्रो झमोरा हा एचआयव्हीबाधित तरुण तिथल्या घरात राहिला. त्याच्यामुळे कितीतरी अमेरिकन घरांनी एड्स झालेला माणूस पहिल्यांदा जवळून पाहिला. शेवटचा भाग दाखवला गेल्यानंतर काही तासांतच तो गेला. तेवढं बळ फार थोड्या व्हिडिओंत होतं.

यूट्यूबने संगीतवाहिन्या संपवल्या, असं सर्रास म्हटलं जातं. तारखा वेगळं सांगतात. यूट्यूब आलं २००५ मध्ये. त्याच्या तीन वर्षं आधीच ‘द ऑसबॉर्न्स’ या रिअॅलिटी मालिकेने एमटीव्हीवर लोकप्रियतेचा विक्रम केला होता. हेवी मेटलचा एक जनक संगीतवाहिनीवर दिसत होता तो गाताना नव्हे, तर घरातल्या कुत्र्यांना आणि मुलांना आवरताना!

भारतात हाच प्रवास भराभर झाला. ‘छायागीत’ आणि ‘चित्रहार’ची वाट बघणाऱ्या पिढीला १९९० च्या दशकात केबलवाल्याने दिवसभर गाणी दिली. चॅनल व्ही १९९४ मध्ये आली, एमटीव्ही इंडिया १९९६ मध्ये. अलिशा चिनॉय, लकी अली यांचं इंडिपॉप या वाहिन्यांनीच घरोघर पोचवलं. पुढे ती लाट ओसरली, हिंदी सिनेमाची तीच गाणी सगळीकडे दिसू लागली, आणि आपलं वेगळेपण टिकवायला वाहिनीला स्वतःचा कार्यक्रम लागला. २००२ मध्ये चॅनल व्हीने ‘पॉपस्टार्स’मधून व्हिवा हा मुलींचा बँड उभा केला. त्या स्पर्धेत निदान गळा तरी लागत होता. पुढच्याच वर्षी एमटीव्हीवर ‘रोडीज’ आलं, आणि तिथे मोटारसायकल आली, गाणं आलं नाही. त्याच्या ऑडिशनसाठी पुण्यातही तरुणांच्या रांगा लागल्या.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या एमटीव्हीने आपल्या बोधचिन्हाखालचे ‘म्युझिक टेलिव्हिजन’ हे शब्द काढून टाकले. इकडे ‘रोडीज’च्या दुसऱ्या पर्वाचा विजेता आयुष्मान खुराना तोवर व्हीजे झाला होता. २०१२ मध्ये ‘विकी डोनर’मधून तो नायक म्हणून आला, आणि त्याच सिनेमात स्वतःच्या आवाजात गायलाही.