दोन ओळींच्या परीक्षणाचे कूळ

चित्रपटाचा निकाल दोन-तीन ओळींत, शक्यतो एखादा चिमटा काढून लावण्याची पद्धत समीक्षकांच्या विनोदबुद्धीतून जन्मली असा समज असला, तरी तिचे मूळ प्रामुख्याने छापील जागेच्या टंचाईत सापडते. ३१ जुलै १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये आयरीन थायरर यांनी ‘द पोर्ट ऑफ मिसिंग गर्ल्स’ या चित्रपटाला तीनपैकी एक तारा दिला आणि तारांकनाची, म्हणजे चित्रपटाचा दर्जा ताऱ्यांच्या संख्येने दाखवण्याची, प्रथा वृत्तपत्रांत शिरली. पण ताऱ्यांवरून निकाल कळला तरी त्याचे कारण कळत नव्हते. मुंबईत १९३५ साली ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक सुरू करणारे बाबूराव पटेल यांची परीक्षणे जहाल असली तरी ऐसपैस असत, आणि त्यांचा खरा तिखटपणा वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या त्रोटक उत्तरांत उतरे.

या पद्धतीला स्वतंत्र रूप आले ते दूरचित्रवाणीमुळे. १९५० च्या दशकात अमेरिकी स्टुडिओंनी आपले जुने चित्रपटसंग्रह प्रक्षेपणासाठी विकायला काढले (पॅरामाउंटचे १९५० पूर्वीचे बोलपट १९५८ मध्ये एमसीए या कंपनीने घेतले), आणि विस्मृतीत गेलेले शेकडो चित्रपट अवेळी घराघरांत दिसू लागल्यावर, जागे राहावे की झोपी जावे एवढेच सांगणारा मार्गदर्शक प्रेक्षकाला हवासा झाला. स्टीव्हन शॉयर यांनी १९५८ मध्ये असा कोश काढला. त्याला प्रतिस्पर्धी म्हणून १९६९ मध्ये आलेला ‘टीव्ही मूव्हीज’ हा कोश लेनर्ड मॉल्टिन यांनी वयाच्या अठराव्या वर्षी सिद्ध केला होता, ही गोष्ट आजही थोडी अविश्वसनीय वाटते. हजारो चित्रपट एका स्वस्त, खिशात मावणाऱ्या पुस्तकात बसवायचे म्हणजे साल, दिग्दर्शक, कलावंत आणि तारे दिल्यावर मतासाठी जेमतेम दोन-चार ओळी उरत, त्यामुळे विशेषण वाया घालवण्याची सोय नव्हती. या काटकसरीचे टोक म्हणजे पॅरामाउंटच्याच ‘इझन्ट इट रोमँटिक?’ या १९४८ च्या चित्रपटावरील नोंद : शीर्षकातील प्रश्नाला मॉल्टिन यांच्या कोशाने ‘नाही’ या अर्थाच्या एका शब्दात उत्तर दिले आणि तेवढ्यावर परीक्षण संपवले. इंग्लंडमध्ये १९७७ साली असाच कोश रचणारे लेस्ली हॅलिवेल हे तर दूरचित्रवाणीसाठी चित्रपट खरेदी करण्याचाच व्यवसाय करीत, आणि नव्या चित्रपटांना तारे देण्यातली त्यांची कंजुषी प्रसिद्ध आहे.

अमेरिकी समीक्षक पॉलीन केल यांची वाट मात्र निराळी होती. १९५० च्या दशकात बर्कलीतील एका चित्रपटगृहाचे व्यवस्थापन पाहताना त्या कार्यक्रमपत्रिकांसाठी टिपणे लिहीत. प्रेक्षक खेचण्यासाठी लिहिलेल्या या मजकुरातही प्रसंगी चित्रपटाची खिल्ली असे, हे धाडस आजच्या जाहिरातदाराला परवडणार नाही. पुढे ‘न्यूयॉर्कर’मध्ये त्यांनी प्रदीर्घ परीक्षणे लिहिली, परंतु १९८२ च्या ‘५००१ नाइट्स ॲट द मूव्हीज’ या संग्रहातील पुष्कळ नोंदी याच लेखनाला कात्री लावून तयार केलेल्या आहेत. म्हणूनच मॉल्टिन यांची नोंद पाहून वाचक पुस्तक मिटतो आणि दूरचित्रवाणी लावतो किंवा बंद करतो, तर केल यांची नोंद वाचताना तो चित्रपट त्या रात्री लागणार आहे की नाही, याची त्याला फिकीर राहत नाही.