दाखल-खारीज रजिस्टरातील एक शब्द

जुलै २०२४ मध्ये वाशीमचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. पूजा खेडकर या परिविक्षाधीन आयएएस अधिकाऱ्याची पुण्याहून वाशीमला बदली झाली आणि त्यांच्या इतर मागासवर्गाच्या व अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांविषयी प्रश्न उभे राहिले. ३१ जुलैला लोकसेवा आयोगाने त्यांची उमेदवारी रद्द केली. ओळख बदलून ठरलेल्या संधींपेक्षा अधिक वेळा परीक्षा दिली, असे आयोगाचे म्हणणे होते. सप्टेंबरमध्ये केंद्राने त्यांना सेवामुक्त केले. त्यांनी आरोप नाकारले. त्याचा निवाडा न्यायालय करील. पण त्या निमित्ताने एक जुने वाक्य पुन्हा कानावर आले : राखीव जागा म्हणजे गुणवत्तेचा बळी.

या वाक्याचा इतिहास आम्हा मुसलमानांनाही तपासावा लागेल, कारण त्यात आमचाही वाटा आहे.

१८५५ पासून सनदी सेवेसाठी लंडनला स्पर्धा परीक्षा होऊ लागली. कायद्याने ती हिंदी माणसालाही खुली होती. पण समुद्रापार जाण्याचा खर्च कोणाला झेपणार? १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर उत्तीर्ण झाले, ते पहिले हिंदी. पुढे १८७८ मध्ये वयाची अट एकोणीस वर्षांवर आणली गेली. हिंदुस्थानात ही परीक्षा सुरू व्हायला १९२२ साल उजाडले. दार उघडे, वाट मात्र बंद, असा हा प्रकार होता. तरी तिचे नाव गुणवत्ताच.

ही परीक्षा हिंदुस्थानातही घ्यावी, ही काँग्रेसची मागणी होती. सर सय्यद अहमद खान यांनी १८८७ च्या लखनौच्या भाषणात तिला विरोध केला. खालच्या थरातला माणूस परीक्षा देऊन हाकीम होईल आणि खानदानी लोकांवर हुकूम चालवील, ही त्यांची एक चिंता होती. त्याच वर्षी बद्रुद्दीन तय्यबजी मद्रासला काँग्रेसचे अध्यक्ष झाले. मुंबईत १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम उभी करणाऱ्यांत ते होते. मुलांना शिकवा आणि सर्वांबरोबर पुढे या, हा त्यांचा मार्ग. सर सय्यद यांचे शिक्षणातले ऋण आम्ही मानतो. पण त्या भाषणात पिंजारी, जुलाहा यांच्यासाठी जागा नव्हती, हेही सांगितले पाहिजे.

ती जागा करून दिली कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. २६ जुलै १९०२ च्या हुकमाने त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी ठेवल्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सारे त्यात आले. अर्थात मुसलमानही आले. १९३४ मध्ये इंग्रज सरकारने थेट भरतीच्या २५ टक्के जागा मुसलमानांसाठी राखल्या. पण ही वाटणी केवळ धर्माच्या नावावर होती. शाळेचे तोंड न पाहिलेल्या कापूस पिंजणाऱ्याच्या मुलाला तिचा काय उपयोग? स्वातंत्र्यानंतर ती संपली. राज्यघटनेच्या सोळाव्या कलमाने मागासलेपण हा पाया धरला.

मंडल आयोगाने मुसलमानांतील व्यवसायी जमातीही मागास धरल्या. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मंडल आरक्षण मान्य केले, मात्र सधन घरांना वगळून. वैमानिक, अणू व अवकाश संशोधन, वैद्यकातील अतिविशेष शाखा अशा काही पदांवर आरक्षण नसणेच इष्ट, असेही न्यायालय म्हणाले. म्हणजे गुणवत्तेचा विचार कोणी सोडलेला नव्हता. आमच्या शेजारच्या जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमार यांनी तिला साथ दिली आणि ७ डिसेंबर १९९४ रोजी महाराष्ट्र शासनाचा निर्णय निघाला. मुसलमान पिंजाऱ्याला, अत्ताराला, तांबोळ्याला इतर मागासवर्गाचा दाखला मिळण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

वाट मोकळी झाली, पण पुन्हा कागद आडवा आला. जात सिद्ध करण्यासाठी इतर मागासवर्गीयांकडे १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, कुठलाही तालुका घ्या. आजोबांच्या नावाचा उतारा मिळवायला शाळेत जावे, तर दाखल-खारीज रजिस्टरात जातीच्या रकान्यात एकच शब्द असतो : मुसलमान. मग कोतवाल बुकाची नक्कल शोधा, तहसीलच्या चकरा मारा, पडताळणी समितीपुढे उभे राहा. मजुरी बुडते ती वेगळीच. अर्जाची मुदत तेवढ्यात संपते.

हा शब्द केवळ मास्तरांनी लिहिला काय? आम्हीही तो अभिमानाने लिहविला. इस्लाममध्ये जात नाही, असे आम्ही म्हणत राहिलो. धर्माचे तत्त्व म्हणून ते खरेच आहे. पण सोयरीक जुळवताना बिरादरी विचारायचे आम्ही सोडले नाही. लग्नात जात ठेवली आणि रजिस्टरात लपवली. त्याची किंमत नातवंडे मोजत आहेत.

सच्चर समितीने २००६ मध्ये आकडे मांडले. २००१ च्या जनगणनेत मुसलमान १३.४ टक्के, आयएएसमध्ये ३ टक्के, आयपीएसमध्ये ४ टक्के. एवढ्या मोठ्या समाजात बुद्धीच कमी निपजली, असे कोणी म्हणेल काय? राखीव जागेवरचा उमेदवारही तीच प्रश्नपत्रिका सोडवतो, त्याच मुलाखतीला बसतो, तेच प्रशिक्षण घेतो. जालना जिल्ह्यातील रिक्षाचालकाचा मुलगा अन्सार शेख २०१५ च्या परीक्षेतून एकविसाव्या वर्षी आयएएस झाला. बुद्धी होतीच. तिला परीक्षेच्या खोलीपर्यंत पोचू देणे, एवढाच प्रश्न होता.

म्हणून खोटा दाखला आणि न मिळालेला दाखला, हे दोन अन्याय आम्ही एकत्रच पाहतो. ज्याच्याकडे साधने आहेत त्याने कागद जुळवला, तर ज्याच्याकडे नाहीत त्याची जागा जाते. त्यावर उपाय आरक्षण मोडणे हा नव्हे, पडताळणी प्रामाणिक आणि सोपी करणे हा आहे. सरकारकडे ती मागणी आम्ही करूच. तोवर आपल्या हातातले एक काम आहे. घरातली जुनी ट्रंक उघडा, वडिलांचा, आजोबांचा कागद शोधा आणि बारावीचा निकाल लागण्याआधी मुलाचा अर्ज दाखल करा.