सेलबारी–डोलबारी डोंगररांगा

सह्याद्रीच्या उत्तर टोकाकडून फुटून नाशिक जिल्ह्याच्या बागलाण (सटाणा) तालुक्यात पूर्वेकडे गेलेल्या दोन रांगा. त्यांच्यामधून मोसम नदी वाहते व पुढे गिरणेला मिळते. सेलबारी रांगेवर मांगी-तुंगीचे जोडसुळके व त्यांतील जैन लेणी आहेत. डोलबारीवर मुल्हेर, मोरा, हरगड, सालोटा आणि साल्हेर हे किल्ले आहेत. साल्हेर (१,५६७ मी.) हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला. १६७२ साली त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगल फौजेचा उघड्या मैदानात पराभव केला. २०२५ मध्ये हा किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

हा मुलूख वाळवंट नव्हे. पण पश्चिमेचा ओलावा पूर्वेकडे झपाट्याने आटतो आणि एप्रिलमध्ये उघडे बोडके बेसॉल्टचे कडे तसाच भास निर्माण करतात. खरे नाट्य वळवाचे. दिवसभर तापलेल्या खडकावरची हवा वर चढते, दुपारनंतर ढगांचे मनोरे उभे राहतात, धुळीचा लोट दरीतून येतो आणि मागोमाग विजा, कधी गाराही पडतात. कड्यावरून हे दृश्य अप्रतिम दिसते; खाली द्राक्ष-डाळिंबाचे बागायतदार आणि कांदा उघड्यावर ठेवलेले शेतकरी त्याला अप्रतिम म्हणणार नाहीत. मार्च २०१४ च्या गारपिटीने राज्यभर पिके झोडपली, त्यात नाशिक जिल्हाही होता. गडफेरीस पावसाळ्यानंतरचे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सोयीचे. वळवाच्या दिवसांत दुपारी माथ्यावर थांबणे धोक्याचे.